संपातला अनंत

अनंत म्हणजे लाडावलेला जावई. पाणी जास्त झालं तर रुसणार, कमी झालं तरी रुसणार. सगळं अगदी मनासारखं असलं आणि कुणी कुंडी नुसती वीतभर सरकवली, तर पंधरा दिवस जपलेल्या कळ्या एका रात्रीत टाकून देणार. एवढे नखरे असूनही गिरगाव, दादर, लालबागच्या जुन्या चाळींमध्ये तुळस आणि कोरफडीच्या शेजारी एखाद्या गंजलेल्या डब्यात तो हमखास दिसायचा. ज्यांच्या घरात सगळ्यांना एका वेळी पाय पसरून झोपता येत नव्हतं, त्यांनी हे झुडूप का पाळलं असेल? आमच्या घरापुरतं मला माहीत आहे.

आमचा अनंत 1983 च्या पावसाळ्यात लालबागला आला. घरात त्याला ‘संपातला’ म्हणतात. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या कापड गिरण्यांमधला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आजोबा त्यातले एक, साचेखात्यातले. पहिलं वर्ष ‘आज मिटेल, उद्या मिटेल’ यात गेलं. आजी घरीच खानावळ चालवायची. गिरणगावात तेव्हा कितीतरी बायका चालवायच्या. पण जेवायला येणारेही संपावरच, त्यामुळे वहीतली उधारी तेवढी वाढत गेली. दुसऱ्या पावसाळ्यात आजोबा बऱ्याच जणांसारखे गावी निघून गेले, सावंतवाडीकडे, भात लावायला. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. परतताना येष्टीच्या अख्ख्या रात्रीच्या प्रवासात त्यांच्या मांडीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली एक मुळं फुटलेली फांदी होती. सोबत तांदूळ असतील, कोकमं असतील, या आशेने आजीने पिशवी उघडली. तिचं त्यावरचं वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं वापरलं जातं: “घरात दाणा नाय, नि ह्यांनी फांदी आणली.”

आजोबांना पुन्हा साच्यावर उभं राहता आलं नाही. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, असं गिरणगावात अजून सांगतात. आजोबांनी पुढे वॉचमनकी केली, रात्रपाळीची. दिवसभर गॅलरीत बसून ते झाडाकडे बघत असत. मी त्यांना पाहिलेलं नाही. मला ते अनंताच्या डब्याशेजारी ठेवलेल्या एका लाकडी पाटाच्या रूपात माहीत आहेत. त्या पाटावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही, असा काही नियम नव्हता. पण कुणी बसत नसे.

डालडाच्या डब्यातून तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात आणि तिथून अर्ध्या कापलेल्या पिंपात, अशी त्याची बढती होत गेली. नळ पहाटे साडेचारला यायचा. पिण्याचं, मोरीचं, आंघोळीचं भरून झालं की शेवटचे दोन तांबे अनंताचे. पिंपाला खाली भोकं हवीतच, कारण मुळाशी पाणी साचलं की अनंत कुजतो. पण चाळीत भोकातून निघालेलं पाणी कुठे जातं? लाकडी फळ्यांच्या फटीतून खालच्या गॅलरीत, तिथल्या दोरीवर, खालच्या काकूंच्या नुकत्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. तांबडी माती, पांढरा सदरा. या एका विषयावर दोन मजल्यांमध्ये सहा वर्षं बोलणं बंद होतं, असं आई सांगते. मग आजीने पिंपाखाली फुटकी परात ठेवली आणि तह झाला. तहाची अट अशी की मोसमात दर गुरुवारचं पहिलं फूल खाली जायचं, काकूंच्या दत्ताला. मी शाळेत जाताना ते फूल पोचवायचे. देठाला धरून, कारण पाकळीला बोट लागलं की तेवढाच भाग तासाभरात तपकिरी होतो. अनंताचा गजरा सहसा दिसत नाही, आणि दादरच्या फुलबाजारात मोगऱ्याचे ढीग असतात तसा अनंताचा ढीग मी कधी पाहिला नाही, त्याचं कारण माझ्या मते हेच. हे फूल बाजाराला सोसत नाही. झाडाजवळच राहायला हवं, नाहीतर झाडाजवळ राहणाऱ्याशी ओळख तरी हवी.

आता त्याच्या आजारपणाबद्दल. तुमच्याकडे अनंत असेल तर हे उपयोगी पडेल. दर दोन-तीन वर्षांनी आमच्या झाडाची पानं पिवळी पडायची. पूर्ण पिवळी नाही. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, जाळीसारखा. आई म्हणायची, दृष्ट. कोपऱ्यातल्या खोलीत एक निवृत्त मास्तर होते, त्यांनी निदान केलं: चुना. चाळीच्या भिंतींना गणपतीआधी चुन्याचा हात मारायचे. त्याचे ओघळ आणि पोपडे वर्षानुवर्षं पिंपात पडत होते. अनंताला आंबट माती लागते. मातीचा सामू, म्हणजे पीएच, पाच ते सहाच्या दरम्यान असला की तो खूश. चुन्याने माती अल्कधर्मी होते आणि मग त्यात लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. ताट समोर आहे, पण तोंड बांधलेलं. मास्तरांनी चिमूटभर हिराकस पाण्यात विरघळवून दिला, वरची चार बोटं माती काढून टाकायला सांगितली, आणि चुना मारायच्या दिवशी पिंपावर गोणपाट घालायची आज्ञा केली. तीन आठवड्यांत नवी पानं काळपट हिरवी आली. कोकणातली जांभ्याची तांबडी माती मुळातच आंबट असते. गावचा अनंत कुणी न बघता छपरापर्यंत वाढतो आणि मुंबईचा अनंत सतत दवाखान्यात, यातलं रहस्य एवढंच.

खताला शेणखत, आणि रविवारी मासळीचं धुवण. लालबागमध्ये याला तोटा नाही. बांगड्याच्या धुवणाने अनंत जेवढा फुलतो तेवढाच मजल्यावरच्या मांजरांचा संसारही फुलतो. पिठ्या ढेकूण आले तर आई जुन्या टूथब्रशने साबणाचं पाणी लावून एकेक पान पुसायची, तान्ह्या बाळाचे कान पुसावेत तसं. छाटणी बहर संपल्यावर लगेच करायची. उशीर केला तर पुढच्या वर्षीच्या कळ्यांवरच कात्री चालते.

इतकं करून हे झाड मुळात आपलं नव्हेच. अनंताचं मूळ चीन आणि त्याच्या आसपासचा प्रदेश. तिथे एकेरी पाकळ्यांच्या अनंताला शेंदरी फळं धरतात आणि त्यांचा पिवळा रंग शेकडो वर्षं कापडाला आणि खाण्याला वापरला गेला. आपण गॅलरीत लावतो तो बहुतेक दुहेरी पाकळ्यांचा. त्याला फळ सहसा धरत नाही, म्हणजे बी नाही. गार्डेनिया हे त्याचं शास्त्रीय नाव अठराव्या शतकात अलेक्झांडर गार्डन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरच्या आडनावावरून पडलं. मला वाटायचं, गार्डन म्हणजे बाग, म्हणून गार्डेनिया. अमेरिकेत बिली हॉलिडे केसात हीच फुलं माळून गायला उभी राहायची. आणि आपल्या रानात याच घराण्यातली जी झाडं आहेत, त्यांच्या कोंबांतून निघणारा डिंक म्हणजे काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी डिकेमाली. तिचा वास ज्याने एकदा घेतलाय त्याला ही दोघं एका कुळातली आहेत हे पटणार नाही.

बी नाही, यातून एक गोष्ट निघते. असा अनंत वाढवायचा तर फांदीवरूनच वाढवावा लागतो. गावच्या झाडाची फांदी लालबागला आली, लालबागच्या झाडाची फांदी मावशीकडे परळला, तिथून तिच्या जावेकडे गिरगावात गेली. सगळं एकच झाड, वेगवेगळ्या डब्यांत.

आमची चाळ 1940 च्या आधीची, उपकरप्राप्त. गेली दहा वर्षं गॅलरीला लोखंडी टेकू होते आणि पाटी होती: ‘सज्जात वजनदार सामान ठेवू नये.’ ओल्या मातीने भरलेल्या अर्ध्या पिंपाइतकं वजनदार सामान अख्ख्या मजल्यावर दुसरं नव्हतं. आईने पिंप भिंतीच्या बाजूला, तुळईवर येईल असं घेतलं होतं, आणि कुणी अधिकारी पाहणीला आला की त्यावर चादर टाकायची. चादरीतून फुलांचा वास यायचाच.

मग रीडेव्हलपमेंट. याबद्दल फार लिहीत नाही, मध्य मुंबईतल्या प्रत्येकाकडे ही गोष्ट आहे. बैठका, संमतीपत्रं, दोन गट, तिसरा गट. आम्हाला एकशे साठ फुटांच्या जागी तीनशेच्या वर मिळणार, घरात संडास असणार, आजीला रात्री गॅलरीच्या टोकापर्यंत भिंत धरत जावं लागणार नाही. जुन्या चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: पहाटे पाच वाजता एका संडासासमोर बादली घेऊन उभे राहा, मग बोलू. चाळ पडायलाच हवी होती.

पण बिल्डरच्या माणसाने नकाशा पसरला तेव्हा आई त्यात काहीतरी शोधत होती. हॉल, किचन, बेडरूम, टॉयलेट, पॅसेज. शेवटी तिने विचारलं, “कुंडी कुठे ठेवायची?” लोक हसले. तो माणूस मात्र सभ्य होता. त्याने खिडकीबाहेरची एक पट्टी दाखवली आणि सांगितलं की ती इमारतीच्या शोभेसाठी आहे, तिथे काही ठेवायचं नाही. अठराव्या मजल्यावरून कुंडी पडली तर काय होईल, हेही त्याने सांगितलं, आणि ते खरंच होतं. आई खाली बसली.

त्या रात्री मी जरा वाचत बसले. मुंबईतल्या इमारतींच्या नकाशांवर एक शब्द वर्षानुवर्षं होता: फ्लॉवर बेड. खिडकीबाहेरचा फुलझाडांचा वाफा. ही जागा एफएसआयमध्ये मोजली जात नसे, म्हणून नकाशावर प्रत्येक खोलीला वाफा असायचा. ताबा मिळाला की मधली भिंत पाडायची आणि वाफा खोलीत घ्यायचा. 2012 मध्ये नियम बदलले, फ्लॉवर बेडही एफएसआयमध्ये मोजले जाऊ लागले, आणि नव्या नकाशांवरून ते नाहीसे होत गेले. परळच्या एका टॉवरमध्ये माझी मैत्रीण राहते. तिचं कॉम्प्युटर टेबल बरोबर फ्लॉवर बेडवर आहे. तिथे कधी फूल आलं नाही. उलट आमच्या गॅलरीला नकाशात वाफा नव्हता. ती येण्याजाण्याची, सगळ्यांची आणि म्हणून कुणाचीच नसलेली जागा होती. तिच्यात चाळीसेक वर्षं अनंत फुलला. करारनाम्यात आमच्या खोलीचा प्रत्येक फूट आहे. ती तीन फूट रुंदीची गॅलरी मला त्यात कुठे सापडली नाही.

खोल्या रिकाम्या करायची तारीख आली 30 एप्रिल. अनंताला कळ्या धरायचा हाच काळ. आणि गुटी कलम बांधायची खरी वेळ पावसाळ्याची, हवेत ओल असते तेव्हा. म्हणजे झाड हलवायचं चुकीच्या महिन्यात आणि त्याची पोरं करायचीही चुकीच्या महिन्यात. आईने दोन रात्री झोप काढली नाही. आजी म्हणाली, “झाड आहे, माणूस नाय. छाट.”

मी राणीबागेत जाऊन आले. लालबागपासून भायखळ्याची ही बाग दोन-तीन स्टॉपवर. ती 1862 मध्ये उघडली. त्याआधी तिच्या संस्थेची वनस्पतींची बाग शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी घेतली गेली आणि बाग इकडे आली. या शहरात बागांनीसुद्धा बिऱ्हाडं हलवली आहेत. तिथे काम करणाऱ्या एका वयस्कर माळीकाकांना मी फोनमधले फोटो दाखवले. ते म्हणाले, फेब्रुवारीतही गुटी लागते, फक्त तिला पाऊस तुम्ही व्हायचं.

ते असं. पेन्सिलीएवढी जाड, गेल्या वर्षीची फांदी घ्यायची. इंचभर रुंद सालीचं कडं काढायचं आणि खालचा हिरवा बुळबुळीत थर खरवडून टाकायचा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटत नाहीत. मुळं फुटायची पावडर लावायची, ओलं मॉस पिळून गच्च गुंडाळायचं, वर प्लास्टिक, दोन्ही टोकांना सुतळी. दर चार दिवसांनी इंजेक्शनच्या सुईने आत थोडं पाणी. दहा गुट्या बांधल्या. शेवटच्या दोन महिन्यांत चाळीत भांडी बांधली जात होती, पंखे उतरत होते, आणि आमच्या पिंपातल्या झाडाला दहा पांढरी बँडेजं होती. मजल्यावरची माणसं येता-जाता बघून जायची. ज्यांनी आयुष्यात कधी पाणी घातलं नाही तेही विचारायचे, “फुटली का?” एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्लास्टिकमधून मुळं दिसली, शेवयांसारखी. दहातल्या सहा लागल्या.

सहा गुट्या, चौदा बिऱ्हाडं. चिठ्ठ्या टाकायच्या असं ठरत होतं, पण आठ जणांनी आपणहोऊन सांगितलं की भाड्याच्या जागेत ऊन नाही, किंवा घरमालक कुंड्या ठेवू देत नाही. एक-दोघांनी फक्त मान हलवली. सहा घरांत झाडं गेली: विरार, कळवा, बदलापूर, घोडपदेव, आणि दोन डोंबिवलीला. खालच्या काकू बदलापूरवाल्या.

मूळ झाडासाठी आईने भाड्याची दोन घरं नाकारली. बाबांना लिफ्टचं घर हवं होतं. आईने आजीचे गुडघे पुढे केले आणि नायगावात तळमजल्यावरची, पूर्वेकडे ओटा असलेली जुनी खोली मिळवली. आजी मला हळूच म्हणाली, “माझे गुडघे बरे कामाला आले.” झाडाचा एक तृतीयांश विस्तार छाटला. पिंप गंजून मातीला चिकटलं होतं, ते पत्रा कापायच्या कात्रीने उलगडावं लागलं. आत मुळांचा पिंपाच्याच आकाराचा गोळा होता, आणि मधोमध डालडाच्या डब्याचा पत्रा, मुळांनी गिळलेला. त्याला कुणी हात लावला नाही. बाहेरची मुळं कापली, गोणपाटात बांधलं आणि 28 एप्रिलला पहाटे, ऊन व्हायच्या आत, हातगाडीवरून भारतमाताच्या सिग्नलवरून आंबेडकर रोडने नायगावला नेलं. गाडीवाल्याने फ्रिज आणि अनंत यांचे सारखेच पैसे घेतले.

कळ्या सगळ्या गळल्या, ते ठरलेलंच होतं. मे महिन्यात पानंही गेली. काटक्या उरल्या. माळीकाकांनी बजावलं होतं की मुळं कापलेल्या झाडाला नवी पालवी येईपर्यंत खत नाही, कौतुक नाही, सावली आणि जेमतेम ओल. आईला खत न घालणं जमत होतं, कौतुक न करणं जमत नव्हतं. रोज सकाळी ती नखाने साल किंचित खरवडून बघायची, खाली हिरवं आहे का. जूनभर हिरवं होतं आणि फुटवा नव्हता. 9 जुलैला खालच्या पेऱ्यावर तांदळाच्या कणीएवढा कोंब दिसला.

‘दुसरा मजला’ नावाचा आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर पूर्वी सुप्रभात आणि बिल्डरची भाडं जमा झालं का याची चौकशी, एवढंच असायचं. आता पानांचे फोटो येतात. विरारच्या झाडाची पानं जाळीसारखी पिवळी पडली, तिथे कुंडीत इमारतीच्या कामातलं राबिट मिसळलेली माती भरली होती. हिराकस सुचवला. कळव्याचं झाड गेलं. घोडपदेवच्या मावशींनी स्वतःच्या झाडाला एक गुटी बांधून कळव्याला पाठवायचं कबूल केलंय. बदलापूरच्या काकूंचा निरोप आला की त्यांच्या खालच्या मजल्यावरची नवी बाई कपड्यांवर पाणी पडतं म्हणून भांडायला आली होती. आजीला वाचून दाखवलं, तर ती बराच वेळ हसत राहिली. मग म्हणाली, “परात ठेव म्हणावं. आणि गुरुवारचं फूल.”

नव्या इमारतीचं काम प्लिंथपर्यंत आलंय. मागच्या बैठकीत आईने गच्चीवर कुंड्यांसाठी सहा बाय चार फूट जागा मागितली आणि ती इतिवृत्तात लिहून घेतली. तिच्या बाजूने हात वर करणाऱ्या पाच जणांकडे आमचाच अनंत आहे. बिल्डरचा माणूस ‘बघू’ म्हणाला.

यंदा नायगावच्या ओट्यावर पहिल्यांदा कळ्या धरल्या, एकोणीस. आईने कुंडीभोवती सुतळी बांधून पुठ्ठ्यावर ‘हात लावू नये, हलवू नये’ असं लिहिलंय. ओट्यावर आता आजोबांचा पाटही आहे. संध्याकाळी आजी त्यावर बसते, येणाऱ्याजाणाऱ्यांवर लक्ष ठेवायला. आतापर्यंत चार गळल्या.